पन्नास मीटर पाणी

महाडच्या स्टँडवर श्रीवर्धनची एसटी लागली, आम्ही तिघी जागा पकडून बसलो न बसलो, तोच दारातून ट्रकची एक ट्यूब आत येऊ लागली. काळीभोर, टम्म फुगवलेली, कवेत न मावणारी. ती दारातच अडकली. मागून कोणीतरी ढकललं, पुढून कंडक्टरने ओढलं... आणि सुटली ती थेट माझ्या मांडीवर येऊन बसली.

तिच्यामागून तिचा मालक आला. उंच, सावळा, कडक इस्त्रीचा निळा शर्ट घातलेला आणि ओशाळून खाली बघणारा. कंडक्टरने त्याला गंभीर चेहऱ्याने विचारलं, "हिला हाफ फाडू की फुल?" सगळी गाडी हसली. मीही हसले. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, मी हसायची थांबले.

ट्यूब ठेवायला दुसरी जागाच नव्हती. वाटेतल्या गोरेगावला गर्दी उतरली की उचलतो, असं तो म्हणाला, आणि दांडा धरून माझ्या शेजारी उभा राहिला. म्हणजे तासभर मी एका अनोळखी मुलाची ट्यूब पोटाशी धरून बसले होते. खिडकीजवळ बसलेली रिम्शा ओढणीत तोंड लपवून हसत होती. मागच्या सीटवरून श्रुतिका मला पाठीत बोटं टोचत होती.

शेवटी मीच विचारलं, "हवा काढून घडी घातली असती, तर पिशवीत नसती का मावली?"

त्याने ट्यूब बोटाने दाबून बघितली. मग हळूच म्हणाला, "हे... सुचलंच नाही."

"कोणासाठी एवढी मोठी?"

"भाच्यांसाठी," तो म्हणाला. फारच पटकन म्हणाला.

तो २००२चा डिसेंबर होता. ईद होऊन आठवडा झाला होता आणि हातांवरची मेंदी फिकट पडली होती. रिम्शा, श्रुतिका आणि मी, तिघींनी महाडला एकत्र डी.एड. केलं होतं. उन्हाळ्यात परीक्षा झाली, पासही झालो, आणि आता नेमणुकीच्या ऑर्डरची वाट बघत घरी बसलो होतो. एकदा शाळेवर रुजू झालो की तिघी तीन दिशांना जाणार. म्हणून त्याआधी आठ दिवस समुद्रावर काढायचे, असं ठरलं. श्रीवर्धनच्या जवळ दांडेवाडीला रिम्शाच्या महरुन्निसा खालाचं, तिच्या मावशीचं, घर होतं. खाला सोबत असणार म्हटल्यावर माझ्या अम्मीने परवानगी दिली. श्रुतिकाचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. मुंबईला ती दोनदा जाऊन आली होती, पण भावाची खोली भांडुपला आणि भावाला सुट्टी नाही, त्यामुळे समुद्र बघायचा राहूनच गेला होता. ती तर आदल्या रात्री झोपलीच नव्हती.

श्रीवर्धनला उतरलो तेव्हा तो मुलगा ट्यूब खांद्याला अडकवून आमच्या आधी निघाला. आम्ही दांडेवाडीच्या सहा आसनी रिक्षात बसलो, तर आत ट्यूब होतीच. त्याची फुफी, म्हणजे आत्या, खालाच्या शेजारची निघाली. नाव मुदस्सर, गाव नाते, शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. हे सगळं त्याने आम्हाला सांगितलं नाही. रिक्षातून उतरायच्या आत रिम्शाने ते काढून घेतलं.

"आणि भाचे कितीएत तुमचे?" उतरता उतरता तिने विचारलं.

"भाचे?" तो म्हणाला, आणि मग त्याने जीभ चावली.

खालाचं घर नारळी-पोफळीच्या वाडीत होतं. वाडी संपली की सुरूची झाडं, ती संपली की वाळू, आणि वाळू संपली की... श्रुतिका तिथेच उभी राहिली. समोर संध्याकाळचा समुद्र पसरला होता. आम्हाला वाटलं ही आता ओरडेल, धावत सुटेल. ती खाली बसली, ओल्या वाळूवर तळहात टेकले आणि म्हणाली, "एवढं सगळं होतं, आणि मला कोणी सांगितलंच नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावाच्या दक्षिण टोकाला गेलो. तिथे खाडी समुद्राला मिळते. मध्ये वाळूचा लांब दांडा आहे, त्याच्या आतल्या बाजूला पाणी संथ असतं. भरती नुकतीच पुरी होत आली होती. आणि त्या संथ पाण्यात, जेमतेम कमरेएवढ्या, मुदस्सर उभा होता. ट्यूब काखांखाली घातलेली, दोन्ही हातांनी ती आवळलेली, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. एक पाय उचलायचा, पुन्हा टेकवायचा. उचलायचा, पुन्हा टेकवायचा.

रिम्शा फिसकन हसली. मीही हसणार होते. पण मला त्याचा चेहरा दिसला. पांढराफटक पडला होता तो. थंडीने नाही, डिसेंबरात खाडीचं पाणी उबदार असतं.

मी दोघींना तिथेच थांबवलं आणि काठाशी गेले.

त्याने डोळे उघडले. मला बघून पळून जावंसं वाटलं असणार त्याला, पण ट्यूब घालून पळणार कुठे? मग त्याने खरं काय ते सांगितलं. नऊ वर्षांचा असताना गांधारी नदीला अचानक पाणी चढलं आणि तो ओढला गेला. उंबराच्या एका फांदीला धरून लोंबकळत राहिला, माणसं येईपर्यंत. त्यानंतर गुडघ्याच्या वर पाण्यात तो कधी शिरला नव्हता. आणि आता सरकारी सर्व्हेअरची एक जागा निघाली होती... बंदरांची, खाड्यांची खोली मोजायची, होडीतून फिरायचं, नकाशे करायचे. लेखी परीक्षेत तो पहिल्या पाचात आला होता. मुलाखत झाली होती. राहिली होती फक्त पोहण्याची चाचणी. पन्नास मीटर, मुंबईला, पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी. नाते गावात शिकायला गेला असता तर अख्ख्या गावाने मजा बघितली असती, म्हणून तो इथे आला होता.

"म्हणजे नऊ दिवस आहेत," मी म्हणाले.

"हो."

"ट्यूब काढा."

"काय?"

"ट्यूबला धरून कोणी पोहायला शिकत नाही. मी शिकवते."

त्याला खरं वाटेना. पण आमचं घर महाडला नदीकडच्या आळीत आहे. दर पावसाळ्यात पाणी येतं, कधी उंबऱ्यापर्यंत, कधी खिडकीपर्यंत. ज्या वर्षी ते माळ्याच्या शिडीला लागलं, त्या वर्षी अम्मीने ठरवलं की घरात पुरुष माणूस नाही, तर मुलींना पोहता आलंच पाहिजे. पुढच्या हिवाळ्यात तिच्या मामूंनी, सत्तरीच्या त्या म्हाताऱ्याने, मला आणि माझ्या बहिणीला सावित्री नदीच्या डोहात शिकवलं. सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला बांधून. मी तेव्हा सात वर्षांची होते.

खालाला विचारायला हवं होतं. खाला सुपारी कातरत बसली होती. तिने आमचं सगळं ऐकून घेतलं, अडकित्ता थांबवला आणि माझ्याकडे बारीक नजरेने बघितलं.

"शिकव गो," ती म्हणाली. "पोराची नोकरी हाय, नाय कशाला म्हणू? पण मी काठावर बसणार. या दोघी पण पाण्यात पायजेत. आणि हात लावायचा तो बुडताना, डोक्याला. बाकी नाय."

अशी आमची शिकवणी सुरू झाली. भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकायची, तसा आमचा वर्गही सरकायचा. सुरूच्या सावलीत खाला छत्री आणि सुपाऱ्यांची टोपली घेऊन बसायची. खाडीतच हैबती नावाच्या कोळ्याची होडी नांगरलेली असायची. तो जाळं दुरुस्त करता करता आम्हाला हाक मारून सांगायचा, आता पाणी थांबलंय, आता उतरा... आता ओढ सुरू झाली, निघा बाहेर.

पहिल्या दिवशी मी त्याला फक्त तोंड पाण्यात घालायला लावलं. वीस वेळा. दुसऱ्या दिवशी उताणं तरंगायला.

"डोळे मिटू नका. आभाळाकडे बघा."

"आभाळ हलतंय."

"आभाळ नाही हलत, तुम्ही हलताय. अंग सैल सोडा. मान... मान सोडा."

खालाने परवानगी दिली होती तेवढाच माझा हात होता, त्याच्या डोक्याखाली, फक्त बोटं. त्याच्या केसांत वाळूचे कण होते. पापण्यांवर पाण्याचे थेंब अडकले होते आणि त्यातून तो माझ्याकडे बघत होता, आभाळाकडे नाही.

"आभाळ वर आहे," मी म्हणाले.

"मला दिसतंय तेवढं पुरे आहे."

मी बोटं काढून घेतली. त्याला कळलं, आणि तो एकदम घाबरला. "सोडू नको," तो म्हणाला. "आफिया, सोडू नको..."

तोपर्यंत आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत होतो. त्याच्या त्या "सोडू नको"ने ते संपलं.

"मी केव्हाच सोडलंय," मी म्हणाले. "तू आपोआप तरंगतोयस."

तो तरंगत होता. पाय वर, छाती वर, कानांत पाणी. पंधरा-वीस श्वास तो तसाच पडून राहिला आणि मग लहान मुलासारखा हसला. हसल्यावर अर्थातच बुडाला. नाकातोंडात पाणी गेलं, खोकत उठला, तरी हसतच होता. शेजारी पाण्यात उभ्या असलेल्या श्रुतिकाने टाळ्या वाजवल्या. खाला मान खाली घालून सुपारी कातरत राहिली, पण तिचा अडकित्ता मघापासून नुसताच वाजत होता.

तिसऱ्या दिवशी तो हात मारायला शिकला, चौथ्या दिवशी पाय. चौथ्या दिवशी संध्याकाळी फुफीने सगळ्यांना जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर आम्ही वाळूवर बसलो होतो, उजेड अजून पुरता गेला नव्हता. रिम्शा त्याला सहज विचारून गेली, चाचणीत नाही जमलं तर काय करणार?

तो म्हणाला, सौदीत, दमामला मामूंनी व्हिसा काढून ठेवलाय. त्यांच्या दुकानात. पाच जानेवारीचं तिकीट आहे. नाही जमलं तर जायचं.

तो हे इतक्या सहज म्हणाला, की त्याला त्यात काही विशेष वाटत नसावं. आमच्या गावांत कोणालाच वाटत नाही. प्रत्येक घरातून कोणी ना कोणी तिकडे आहे. मी मात्र उठले आणि पाण्याच्या कडेने चालू लागले.

तो मागून आला. चार पावलं अंतर ठेवून चालत राहिला. "काही चुकलं का माझं?"

नाही म्हणायचं होतं. पण बोलून गेले. "माझे अब्बा जेद्दाला आहेत. मी चार वर्षांची होते तेव्हा गेले. दोन वर्षांनी एकदा येतात, दोन महिन्यांसाठी. अठरा वर्षांत नऊ वेळा आले. म्हणजे अठरा वर्षांत मला अठरा महिने बाप मिळाला." माझा आवाज ठीक होता, तरी मी थांबले. "अम्मीला तेवढाच नवरा. आम्ही कॅसेटवर बोलणं भरून पाठवायचो त्यांना. ते पण पाठवायचे. अम्मी त्यांची कॅसेट लावून भाकऱ्या थापायची... जणू ते तिथेच बसलेत."

तो खाली वाकला आणि एक शिंपला उचलून हातात फिरवत राहिला.

"मी तेव्हाच ठरवलं. तिकडे जाणाऱ्या माणसाशी मी निकाह करणार नाही. कोणीही असो."

म्हणून झालं आणि मग मला कळलं, मी काय बोलले ते. कोणी विचारलं होतं मला निकाहचं? मी तोंड फिरवून जवळजवळ धावतच परत आले. त्या रात्री रिम्शाने अंधारात माझा हात धरला आणि म्हणाली, "तुला आवडतो ना तो?" मी झोपेचं सोंग घेतलं. तिने हात मात्र सोडला नाही.

पाचव्या दिवशी सगळं बिघडलं. वारा होता, खाडीतही लाटा उठत होत्या. तो दांड्यापासून वीस-एक हात लांब गेला असेल, तेवढ्यात एक लाट त्याच्या तोंडावर फुटली. त्याने पाय टेकायला बघितले, तळ लागला नाही. मी दोन हातांवर होते, मान धरून त्याला उथळात आणलं. झालं ते एवढंच. पण तो उथळातच गुडघे टेकून बसला. थोड्या वेळाने उभा राहिला, काठावर गेला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि कोणाकडे न बघता म्हणाला की आता बस. त्याच्याने होणार नाही. मामूचा व्हिसा आहेच. तुम्ही उगाच तुमची सुट्टी घालवलीत.

मला रडू येत होतं, आणि रागही. रागच जास्त. त्याला मी सुरूच्या झाडाखाली गाठलं. खाला बघत होती, रिम्शा-श्रुतिका बघत होत्या, मला त्याचं काही वाटलं नाही.

"जायचं तर जा," मी म्हणाले. "दमामला जा, आणि कुठे जायचं तिथे जा. पण जायचं मनात आहे म्हणून जा. पाण्याला भिऊन जाऊ नकोस. नऊ वर्षांचा होतास तेव्हा फांदी धरलीस, बरोबर केलंस. आता पंचवीसचा आहेस. अजून तीच फांदी धरून बसायचं का?"

तो खांद्यावरचा टॉवेल आवळत निघून गेला.

सहाव्या दिवशी भरती दुपारच्या सुमारास होती. मी जाणारच नव्हते. घरात बसून रिम्शाची वेणी घालत होते, तिसऱ्यांदा. श्रुतिका धापा टाकत आली.

"चल लवकर," ती म्हणाली. "तो पाण्याकाठी उभा हाय. एकटाच. मघापासून उभा हाय."

आम्ही गेलो. तो दांड्याच्या टोकाला उभा होता, पाण्याकडे तोंड करून. वारा पडला होता. खाडी अशी निवांत, की पलीकडच्या डोंगराचं प्रतिबिंब तिच्यात मोडत नव्हतं. हैबतीने सकाळीच आपली दोरी टाकून दांडा ते होडी अंतर मोजलं होतं. अठ्ठावीस वाव. मुदस्सरने हिशेब केला होता, पन्नास मीटर आणि वर थोडं.

"मी होडीपर्यंत जाणार आहे," तो मला म्हणाला. "शेजारून येशील?"

"येईन. पण हात देणार नाही."

"देऊ नकोस."

खाला छत्री न उघडता उठून पाण्याच्या कडेला आली होती. हैबती होडीत उभा राहिला, हात डोळ्यांवर धरून. "थांबलं पाणी," त्याने हाक दिली. "या."

मुदस्सर पाण्यात शिरला. गुडघे, कंबर, छाती... आणि मग त्याने पाय उचलले.

त्याच्या पोहण्यात काही देखणं नव्हतं. हात वेडेवाकडे पडत होते, मान फार वर राहत होती. मी त्याच्या शेजारून जात होते आणि मनात त्याचे हात मोजत होते. वीस. पंचवीस. अर्ध्यावर त्याला दम लागला. त्याचे डोळे माझ्याकडे वळले, आणि मला तिथे नऊ वर्षांचा मुलगा दिसला. माझा हात आपोआप पुढे गेला होता... मी तो मागे घेतला.

"उताणा हो," मी म्हणाले. "आभाळाकडे बघ."

तो उताणा झाला. पडून राहिला. छाती वर-खाली होत होती. खाडीच्या मधोमध, पायांखाली दोन पुरुष खोल पाणी असताना, तो माणूस शांत आभाळाकडे बघत पडला होता. मग वळला आणि पुन्हा हात मारू लागला. या वेळी मान खाली होती.

त्याने होडीची कड धरली तेव्हा काठावरून जो कल्ला उठला, तो खालाचा होता. श्रुतिका आणि रिम्शा एकमेकींना मिठ्या मारत होत्या. हैबतीने त्याला बखोटीला धरून वर ओढलं, मग मला हात दिला, आणि आम्हाला बसायला फळी मोकळी करून स्वतः पाठ फिरवून दोरी गुंडाळत बसला. ती दोरी गुंडाळलेलीच होती.

मुदस्सर धापा टाकत होता. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. त्याला एकदम खूप काही बोलायचं होतं आणि दम पुरत नव्हता.

"मी पास झालो तर..."

"तर?"

"तर इथेच राहणार. याच खाड्यांवर. बाणकोट, दासगाव, जिथे पाठवतील तिथे."

"मग राहा की," मी ओढणी पिळत म्हणाले. "खाडी काय माझी आहे?"

"एकट्याला नाही राहायचं." त्याने माझ्याकडे बघितलं. "मी होणार का तुझ्या घरचा? रोज संध्याकाळी येणारा?"

होडी हळूहळू डुलत होती. माझं उत्तर अगदी ओठांवर होतं, त्याला ते दिसतही असेल. पण मी हो म्हणाले, आणि मंगळवारी नाही जमलं, आणि तो गेला... तर मी वाट बघत बसले असते. मला माझी खात्री होती. अम्मीसारखीच बसले असते, कॅसेट लावून. मला त्याची नाही, माझीच भीती वाटत होती.

"मंगळवार होऊ दे," मी म्हणाले. "मग सांगते."

त्याने मान हलवली. त्याला राग आला नाही. "पण सांगशील ना?"

"सांगेन."

उरलेले दोन दिवस तो रोज दोनदा होडीपर्यंत जाऊन आला. मग आम्ही महाडला परतलो आणि तो मुंबईला गेला.

तो मंगळवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. आमच्याकडे फोन होता, अब्बांसाठी घेतलेला. मी सकाळपासून त्याच्या आसपास घोटाळत होते. दोनदा वाजला. एकदा रिम्शा, काही कळलं का विचारायला. दुसऱ्यांदा श्रुतिका, पोलादपूरच्या बूथवरून, तेच विचारायला. रात्र झाली, फोन आला नाही. पास झाला असता तर त्याने लगेच कळवलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि भांडी घासायला बसले. अम्मीने एकदा बघितलं, आणि घासलेली भांडी मी पुन्हा घासतेय हे तिला कळलं असणार. मग मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्या हातातलं भांडं घेऊन विसळत ऐकत राहिली. शेवटी विचारलं, "नाते गावचा म्हणालीस ना?" बस, एवढंच.

बुधवारी दुपारी दार वाजलं. मी उघडलं. उंबऱ्यात मुदस्सर होता, तोच निळा शर्ट, आणि त्याच्या शेजारी त्याची आई, जरीच्या किनारीची ओढणी घेतलेली, हातात मिठाईचा पुडा.

त्याने सलाम केला आणि चपला हातात घेऊन तसाच उभा राहिला. "दोन फेऱ्या सांगितल्या होत्या," तो म्हणाला. "मी तीन मारल्या. थांबायचं लक्षातच नाही राहिलं. साहेबांनी शिट्टी वाजवली तेव्हा थांबलो."

"फोन का नाही केलास?" मला दुसरं काही सुचेना.

"फोनवर तुझा चेहरा नसता दिसला."

त्याच्या आईने मला बाजूला सारलं, आत जाऊन अम्मीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली की तिकीट रद्द केलंय, आणि आम्ही तुमची लेक मागायला आलोय. तिला वळणं घेऊन बोलता येत नसावं. अम्मीलाही येत नाही. तिने त्या दोघांना पाणी दिलं, आतल्या खोलीत गेली आणि जेद्दाचा नंबर फिरवला. मी दाराआड उभी राहिले.

ती अब्बांना सांगत होती. मुलगा कोण, कुठला, काय शिकलाय. मग थांबली. अब्बा काहीतरी विचारत असावेत. त्यांचा काय प्रश्न असेल ते मला माहीत होतं. पगार तिकडच्यापेक्षा कमीच असणार, मग दमामला का नाही जात?

अम्मीने फोनची वायर बोटाला गुंडाळली. अठरा वर्षांत तिने अब्बांना कधी उलटून काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

"इथं राहणारा हाय," ती शेवटी म्हणाली. "सांजचा घरी येणारा. मला नाय मिळाला तसा, पोरीला मिळतोय. मी हो म्हणणार हाय. तुम्हाला फक्त सांगतेय."

अम्मीने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला होता. मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि ती पदर तोंडाशी धरून रडू लागली. रडता रडताच हसली. रिसीव्हर खाली ठेवून माझ्याकडे वळली.

"बरोबर हाय तुझं, म्हणाले. तारीख काढा म्हणाले." तिने डोळे पुसले. "लग्नाला येतायत. आणि परत जाणार नायत. पुरे झालं म्हणाले... आता पोरीच्या आईजवळ राहतो."

मी तिला मिठी मारली. अम्मी मला घट्ट धरून उभी होती आणि सारखं म्हणत होती, जा, त्याला सांग, तो बिचारा उभाच हाय.

तो खरंच उभाच होता, ओट्यावर, चपला अजून हातात. आतलं बोलणं त्याला ऐकू आलं नव्हतं. मला रडलेली बघून त्याचा चेहरा उतरला.

"काय म्हणाले अब्बा?" त्याने अगदी हळू आवाजात विचारलं.

रस्त्यावर लोक येत-जात होते. शेजारची बाई तांदूळ निवडता निवडता आमच्याकडेच बघत होती. मी ओढणी सावरली, आणि मग सावरायची सोडून दिली.

"हो म्हणाले," मी म्हणाले. "आणि मी पण."